दुबईचं कर्ज इथे वसूल होऊ शकतं

आखातातल्या कर्जांवरच्या एका लेखात म्हटलंय की आखातातून कायमचं परत आलं की तिथल्या बँकेचं कर्ज इथे वसूल होऊ शकत नाही. हे वाचून रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी कुटुंबं निर्धास्त होतील, म्हणून लिहितो. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली आणलं. अधिसूचनेत नाव असलेल्या तिथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा (पैसे देण्याचा अंतिम आदेश) आता थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीला, लावता येतो, नवा दावा लागत नाही. (अमेरिकेतल्या निकालावर मात्र अजूनही इथे दावाच करावा लागतो.)

पण म्हणून फोनवर अटकेची धमकी देणाऱ्या वसुली एजंटाला घाबरून दागिने गहाण टाकू नका. अटकेचा हुकूम काढणं त्याच्या हातात नाही. परदेशी निकालाला इथे आव्हान देण्याचे त्याच संहितेच्या कलम १३ चे बचाव शाबूत आहेत. समन्स मिळालंच नसेल किंवा पुरावा न तपासता एकतर्फी निकाल दिला असेल, तर तो इथे रोखता येतो. इंटरनॅशनल वुलन मिल्स प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी निकालाबाबत हेच म्हटलंय. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याला केवळ थकबाकीपायी दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे १९८० पासून ठरलेलं आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि शेतकऱ्याचं राहतं घर यांनाही कलम ६० मध्ये जप्तीपासून संरक्षण आहे.

मात्र हे सगळं कोर्टात सांगावं लागतं. तेव्हा जिल्हा न्यायालयाची नोटीस आली तर ती घ्या आणि पहिल्याच तारखेला वकिलासह हजर राहा.