खुलासा: जस्ताचा मका म्हणजे बीटी मका नव्हे

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जस्ताचा मका म्हणजे बीटी. जनावरालाही घालू नका, माणसानं खाल्ला तर रक्त वाढतं म्हणणारे फसवतात.’

पहिला भाग साफ चुकीचा आहे. बीटी म्हणजे जिवाणूचं जनुक घालून केलेलं वाण; जस्ताचा मका म्हणजे दाण्यात जस्त जास्त असलेला मका. दाण्यातलं जस्त वाणागणिक मुळातच कमीजास्त असतं. जास्त जस्ताचे वाण चांगल्या उताऱ्याच्या वाणांशी संकरित करायचे, पिढीमागून पिढी दाणे तपासून निवड करायची, एवढंच यात केलं जातं. संकरित मका आपण कित्येक वर्षं पेरतोय, पद्धत तीच. कोलंबिया आणि ग्वाटेमालात असे वाण २०१८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले. बीटी मक्याच्या लागवडीला तर भारतात परवानगीच नाही.

या मक्यानं रक्त वाढत नाही, एवढ्या भागात मात्र तथ्य आहे, आणि ते गरोदर बायकांच्या घरी आवर्जून सांगा. रक्त वाढायला लोह लागतं, आणि जस्त म्हणजे लोह नव्हे. शिवाय मक्यातलं फायटेट (दाण्यातच असणारा एक घटक) दोन्ही धरून ठेवतं, त्यामुळे भाकरीतलं सगळं अंगी लागत नाही. म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कुठल्याही मक्याच्या भरवशावर बंद करू नका. आणि मका दाण्यातला अंकुर (जिथून कोंब फुटतो तो भाग) न काढता दळा. खनिजांचा मोठा वाटा तिथेच असतो.