कॅसेटवर तारीख लिहून ठेवा ओ

अण्णांच्या कॅसेटींचं खोकं उन्हाळ्यात माझ्याकडे आलं, तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की जुना डेक आणि लॅपटॉप घेऊन बसतोय आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. काल 63 झाल्या, अजून निम्म्याच्या वर शिल्लक आहेत.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सोलापुरात मिलमध्ये टाईमकीपर होते, तिथंच शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत संसार. स्वतः कधी गायले नाहीत, पेटीला हात लावला नाही, पण शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. 1952 पासून चालत आलेला कार्यक्रम तो, अकरापर्यंत दीड तास निवांत गाणं. तिकीट काढून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाणं ज्यांना जमायचं नाही अशा आमच्यासारख्या घरांत मोठमोठे गवई आले ते ह्या रेडिओतून, हे मी आजही कुणालाही छातीठोक सांगेन.

तर रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा. दोन्ही जोडायची वायर त्यांच्याकडे नव्हती, म्हणून टेप स्टुलावर रेडिओच्या समोर ठेवायचा आणि त्याच्या आतल्या माईकवर रेकॉर्ड करायचं. नव्वदची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, त्यामुळे कार्यक्रमाच्या बरोबर मध्यावर बाजू पलटायला लागायची. अण्णा घड्याळ बघत बसायचे आणि गवयानं समेवर येऊन श्वास घेतला की खटकन पलटायचे. बहुतेक वेळा साधलंय बघा. क्वचित एखादी तान अर्धी तुटलीय, तिथं मला आजही पोटात कालवतं.

सतरा नंबरची कॅसेट सांगतो. राग पूरिया आहे. डबीतल्या कागदावर निळ्या शाईत राग, तारीख, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि खाली बारीक अक्षरात 'दुसऱ्या बाजूस 20 मि. नंतर लाईट गेली'. ऐकताना आधी फितीची हिस्स, मग तानपुरा, मग आलापीत मागं कुठंतरी काकूच्या बांगड्या वाजतात, कुणीतरी कडी लावतं, रस्त्यावरनं लूना जाते. आणि दुसऱ्या एका कॅसेटवर, कार्यक्रम संपत आलाय, द्रुत रंगात आलीय, आणि एकदम लांबून मिलचा भोंगा. तिसऱ्या पाळीचा. मी कॅसेट थांबवली आणि तसाच बसून राहिलो. ज्यांनी तो भोंगा ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, सगळं सोलापूर त्या भोंग्यावर उठायचं जेवायचं झोपायचं. मिल गेल्या, भोंगे गेले, आणि तो आवाज आता उरलाय तो एका गवयाच्या तराण्याच्या पाठीमागं.

ह्या दोन्ही कॅसेटींच्या फाईली एका तरुण मित्राला पाठवल्या. त्यानं प्रेमानं, खरंच प्रेमानं, सॉफ्टवेअरमधून साफ करून परत दिल्या. हिस्स गेली, बांगड्या गेल्या, भोंगा गेला. पण नीट ऐकलं तर तानपुऱ्याची जवारीसुद्धा गेली होती, ते वरचं झंकारणं असतं ना, जे हिस्सच्या अगदी शेजारी राहतं, आणि गवई घोंगडं पांघरून गातोय असं वाटायला लागलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की मूळ फाईल जशीच्या तशी ठेवायची, साफसफाई करायची हौस असेल तर कॉपीवर करा. खरखर कानाला दहा मिनिटांत सवयीची होते, पण गेलेली जवारी परत येत नाही.

दुसरं म्हणजे स्पीड. ह्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही. जुन्या डेकचे बेल्ट सैल होतात, मोटर कमीजास्त पळते, आणि काळी एक म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गाणारा माणूस तिच्या लगेच वरच्या पांढरी दोनच्या जवळ जातो, आवाज बारीक होतो, लय चढते, आणि आपण म्हणतो काय तयारी आहे! मी एक साधी युक्ती करतो. साथीला पेटी असेल तर गवयाचा सा पेटीच्या कुठल्यातरी पट्टीवर बसायलाच पाहिजे, बरोबर? तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लटकत असला तर बहुतेक टेपचा वेग बिघडलाय असं समजायचं. पेटीच वेगळ्या सुरात लावलेली असू शकते, म्हणून एकाच कॅसेटवरनं निकाल द्यायचा नाही, त्याच डेकवरच्या आणखी दोनचार लावून बघायच्या. लाईटचा जो हम्म टेपमध्ये येतो तो आपल्याकडे 50 हर्ट्झचा, त्याच्यावरनंही अंदाज येतो, पण त्या काळात लाईटची फ्रिक्वेन्सीच खालीवर व्हायची त्यामुळं त्याच्यावर पूर्ण भरवसा नको.

आणि हे मला का एवढं महत्त्वाचं वाटतं सांगतो. गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. साडेतीन मिनिटांची भैरवी. पण सोन्याचा मुलामा दिलेल्या ज्या तबकडीवर ती गेली तिच्या कव्हरवर काय कोरलंय ते बघा की. तबकडी कशी लावायची, सुई कुठं टेकवायची आणि एक फेरा किती वेळात पूर्ण झाला पाहिजे, 3.6 सेकंद, आणि तेही आपले सेकंद परग्रहावरच्यांना कळणार नाहीत म्हणून हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात लिहिलंय. ज्यांना आपण कधी बघितलं नाही, आहेत का तेही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एवढी काळजी घेतली. आणि घरच्या कॅसेटवर आपण नुसतं 'क्लासिकल 4' लिहून ठेवतो.

अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डी करणाऱ्यांनासुद्धा हे कळत होतं. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान रेकॉर्डसाठी गायल्या तेव्हा रेकॉर्डच्या शेवटी त्या स्वतः 'माय नेम इज गौहर जान' म्हणाल्या, कारण तबकड्या छापल्या जाणार जर्मनीत हॅनोवरला, तिथल्या माणसाला कुणाचं गाणं आहे कसं कळणार. जेमतेम तीन मिनिटांच्या रेकॉर्डमधले चार सेकंद नावासाठी काढून ठेवले होते. आज नेटवर कुणीही काहीही चढवतं, गवयाचं नाव चूक, राग चूक, तबलजी तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. तासभर ज्यानं विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचा ठेका जराही न हलवता धरून ठेवला त्याचं नाव लिहायला काय कष्ट पडतात? मला ह्याचा मनापासून राग येतो.

एलपींचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात 43-44 डिग्री होतं, पत्र्याच्या माळ्यावर एलपी ठेवू नका. किशोरीताई आमोणकरांची भूप रागातल्या 'सहेला रे'ची एलपी माझ्याकडं होती, एका उन्हाळ्यात पापडासारखी झाली, आता सुई वर चढते खाली उतरते आणि भूपाचा गंधार डुलतो. एकावर एक रचूही नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, खोली सगळ्यात थंड असेल तिथं. कॅसेटींना मात्र आपली कोरडी हवा मानवलीय, मुंबईच्या मित्रांच्या कॅसेटींना पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, अण्णांच्या खोक्यात एकीलाही नाही. फक्त आतला फेल्टचा बारका तुकडा निखळतो, जो फीत हेडवर दाबून धरतो. तो गेला की आवाज एकदम गुदमरतो आणि लोकांना वाटतं कॅसेट मेली, आणि देतात भंगारात. मेलेली नसते ओ. कॅसेटचं कवच स्क्रूवालं असेल तर उघडायचं, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधला तो तुकडा काढून बसवायचा, दहा मिनिटांचं काम आहे.

जमवणाऱ्यांबद्दल पण एक बोलायचंय. एका मोठ्या संग्राहकांकडं गेलो होतो, नाव सांगत नाही, गाव पण नको. चार कपाटं भरून. मी म्हणलं एक दहा मिनिटं काहीतरी ऐकवा, तर म्हणाले वाजवलं की झिजतं. कॉपी कुणाला देत नाहीत, कारण मग त्यांच्याकडं एकट्याकडं असल्याची गंमत जाते. मला त्या घरातनं बाहेर पडताना फार वाईट वाटलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी अशीच कुणीतरी कपाटात ठेवली असती तर? आपल्या सोलापूर-गदग रेल्वे लाइनवरच्या गदगचा एक पोरगा ती रेकॉर्ड ऐकून वेडा झाला आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातनं पळाला. ते भीमसेन जोशी. तीनच मिनिटांची तबकडी, पण ती वाजत होती आणि ऐकणाऱ्याला आडकाठी नव्हती.

मी पण हजारो फाईली जमवायच्या नादात काही वर्षं घालवली, हार्ड डिस्क भरली. पण अण्णांच्या कॅसेटी उतरवताना त्या खऱ्या वेळेतच ऐकाव्या लागतात, पंचेचाळीस मिनिटांची बाजू पंचेचाळीस मिनिटंच घेते. पुढं ढकलता येत नाही. त्यामुळं गेल्या तीन महिन्यांत जेवढं गाणं ऐकलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. आता फाईलच्या नावातच राग, तारीख, साथीदार, कॅसेटचा नंबर टाकतो आणि अण्णांच्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. ज्यांना पाहिजे त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन घरी या, चहा पिऊन जा.

आणि तुमच्या घरात, माळ्यावर, आजोळी कुठं अशा कॅसेटी असतील तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला एक फोन करा. ज्यांनी रेकॉर्ड केल्या ते हयात असतील तर आजच त्यांच्या शेजारी बसा आणि विचारून विचारून कागदावर लिहून घ्या, कारण आमच्या खोक्यात 58 नंबरची एक कॅसेट अशी आहे की तिच्या डबीत कागदच नाही. बाईंचा आवाज आहे, काळी चारच्या आसपास, राग बिहागडा, साथीला पेटी नाही सारंगी आहे. बाईंची घाई कशाचीच नाही, पण तान घेतली की आवर्तन कधी संपलं कळत नाही. निवेदक नाव सांगायला लागतो, 'आत्ता आपण ऐकलंत' एवढं म्हणतो आणि फीत संपते. अण्णा असते तर पहिल्या षड्जाला ओळखलं असतं. काकूला ऐकवलं तर म्हणाली, आवाज ओळखीचा आहे रे, नाव तोंडावर येत नाही. गेल्या आठवड्यात चार जाणत्यांना ऐकवलं, चौघांनी चार नावं सांगितली. दोन मिनिटांचा तुकडा काढून ठेवलाय, ज्यांचे कान ह्यात मुरलेत त्यांनी सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. वेग तपासलाय.