खुलासा : ‘जिप्सी मॉथ ४’ आणि एक पौंड

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ब्रिटिश दर्यावर्दी सर फ्रान्सिस चिचेस्टर यांची त्या सफरीतली लाकडी नौका ‘जिप्सी मॉथ ४’ एक पौंड आणि जिन-टॉनिकच्या एका पेल्यावर वाचली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. २००४ मध्ये ठरलेली ती किंमत केवळ मालकी बदलण्यापुरती, नाममात्र होती. लंडनमधील ग्रिनिच येथे साडेतीन दशके कोरड्यावर उभी राहून खराब झालेली ही नौका २००५ मध्ये पुन्हा पाण्यात उतरली, ती देणग्या आणि व्यावसायिकांची मदत यांसाठी चालवलेल्या मोहिमेमुळे. विनाथांबा एकल पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला मानही तिचा नव्हे, कारण चिचेस्टर सिडनीला थांबले होते. तो मान १९६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ या नौकेने मिळवला, आणि ती तर आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली.