ससा, आजीबाई आणि पाच लाख युरो

काल विमा एजंटाच्या कचेरीत माझी जेवढी चौकशी झाली, तेवढी बघायला आलेल्या मंडळींनी माझ्या बहिणीचीही केली नव्हती.

जर्मनीत शिकारीचा परवाना हवा तर आधी परीक्षा. इथे तिला ‘हिरवी बारावी’ म्हणतात. बंदुका, कायदे, हरणांचे दात, कुत्र्यांचे आजार, सगळं घोकून मी ती पास झालो. मग जिल्हा कचेरीतल्या बाई म्हणाल्या, विम्याचा दाखला आणा. माणसाला इजा झाली तर 5 लाख युरो आणि मालमत्तेचं नुकसान झालं तर 50 हजार, निदान एवढ्याचा विमा हवा; नाहीतर कायद्यानं परवाना मिळत नाही. घरगुती दायित्व विम्याचे हप्ते मी वर्षानुवर्षं भरतोय. शेजाऱ्याची फुलदाणी माझ्या हातून फुटली तर भरपाई आहे. सशाऐवजी शेजारीच फुटला तर नाही. शिकार वगळलेली आहे, बारीक टायपात.

म्हणून एजंट. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, “भारतातला शिकारीचा अनुभव?”

“तिथे 1972च्या कायद्यानं बंदी आहे.”

“म्हणजे वाघ नाही?” त्याचा चेहरा पडला.

शेजारच्या खुर्चीत एक आजीबाई बसल्या होत्या. गारपिटीनं फुटलेल्या कौलांचे फोटो घेऊन आलेल्या. त्यांनी फोटो बाजूला ठेवले. “पण तुम्ही लोक प्राण्यांची पूजा करता ना?”

“गायीची.”

“मग ससा चालतो?”

“बायकोला नाही चालत.”

“आमच्या ह्यांचा विमा होता,” आजीबाई सरसावल्या. “हाकाऱ्याची शिकार होती. ससा उठला, ह्यांनी बार काढला. हाकारा घालणारा एकजण नेमका तेव्हाच पाठ करून बुटाची नाडी बांधायला वाकला होता. छर्रे कुठे लागले म्हणता?”

मी म्हणत नव्हतो. तरी त्या खुर्चीतून उठल्या, वळल्या आणि जागा दाखवली. एजंटानं पेन खाली ठेवून मान डोलावली. “विम्यानं सगळे पैसे दिले,” त्या म्हणाल्या, “पण माणूस पुढे आमच्याकडे जेवायला आला तो उभ्यानंच जेवला.”

यात माझा अर्ज राहिला बाजूला. एजंटाला आता माझ्या कुत्र्याचं नाव हवं होतं. शिकारी कुत्र्यानं कुणाला चावलं तर तेही याच पॉलिसीत बसतं म्हणे. कुत्रा नाही, म्हटलं. “घ्या ना,” तो म्हणाला, “फुकटात बसतोय.”

गावाकडे भावाच्या भुईमुगात रानडुकरं शिरतात. तो रात्रभर डबे बडवतो आणि सकाळी पंचनाम्यासाठी वनखात्याच्या माणसाची वाट बघतो. इथे डुकरानं मका लोळवला तर शेतकरी भरपाई मागतो आणि ती बहुतेक वेळा त्या रानाचा शिकारीचा ठेका घेणाऱ्याच्या खिशातून जाते. हे मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर शिकारीपेक्षा हेच आवडलं होतं. जबाबदारी कुणाची, ते आधीच ठरलेलं. पण ती घ्यायला स्वतःहून आलेल्या माणसाला दारातच वाघाबद्दल विचारायचं? माझ्या पुढे आलेला तरुण दोन सह्या ठोकून गेला. त्याला कुणी विचारलं नाही की तुमच्यात डुक्कर चालतं का. वर्षाचा हप्ता शंभर युरोच्या आत, तोही दोघांना सारखाच. चौकशी तेवढी माझ्या वाट्याला जास्त.

आज दाखला ईमेलनं आला. आडनाव चुकलंय, माझं ‘कुलकर्णी’ त्यांच्या रकान्यात ‘कुल्कर’वरच संपतं. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, पासपोर्टाशी जुळत नाही, नवा आणा. एजंट म्हणतो, नवा सोमवारी.

शिकार शनिवारी आहे. शेजारी म्हणाला, बंदुकीविना ये, हाकारा घालायला परवाना लागत नाही. नारिंगी जाकीट तो देतोय. नाडीचे बूट मी घालणार नाहीये, आणि समोर उभ्या राहणाऱ्यांपैकी कुणाचा विमा कितीचा आहे, ते आजच विचारून घेतलंय.