'अप नेपा!'

लागोसमध्ये गेलेली वीज आली की गल्लीतली पोरं एका सुरात ओरडतात, "अप नेपा!" नेपा म्हणजे नायजेरियाचं जुनं वीज मंडळ. 2005 मध्ये त्याचं नाव बदललं, 2013 मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, आरोळी तेवढी राहिली. लोडशेडिंगच्या दिवसांत आपण "आले, आले!" करायचो, तसंच.

मी तिथे प्लास्टिकच्या कारखान्यात होतो. वीज अचानक गेली की मशीनमधलं वितळलेलं प्लास्टिक आतच थिजतं. मग तासभर तापवा, खरवडा, सुरुवातीचा माल भंगारात घाला. त्यामुळे ग्रिडची, म्हणजे देशभरच्या तारांच्या जाळ्यातली वीज असली तरी आम्ही जनरेटरच चालवायचो. 2024 मध्ये तर देशाचा अख्खा ग्रिड अनेकदा कोसळला. कोण भरवसा ठेवणार?

गेटसमोर एका शिंपीणबाईंची टपरी होती. मागे साखळीने बांधलेला इवलासा जनरेटर. तिकडे त्याला गमतीनं 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा आपलं बरं! पाण्याच्या बाटलीतून ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतायचं, दोरी ओढायची. इस्त्री लावली की शिलाई मशीन बंद.

आता हिशोब बघा. असल्या यंत्रातून लिटरमागे फार तर एक-दीड युनिट निघतं, आणि 2024 च्या अखेरीस पेट्रोल लिटरला हजार नायरांच्या (नायरा म्हणजे तिथलं चलन) घरात गेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने रोज 20 तास वीज देऊ म्हणत काही भागांचा युनिटमागचा दर 68 वरून 225 नायरा केला, तर केवढी ओरड! दरवाढ मलाही डाचली. पण बाई जनरेटरपायी त्याच्या तिप्पट मोजत होत्या, त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही. स्वस्त वीज तारेत नसेल तर ती स्वस्त कसली?

वीजकेंद्रांची क्षमता 13,000 मेगावॅटच्या आसपास, ग्रिडवर येते चार-पाच हजार. लोक 20 कोटींहून जास्त. (एकट्या महाराष्ट्राची मागणी 25,000 च्या वर जाते.) देश गॅसच्या साठ्यावर बसलाय, पण गॅसवाल्यांची बिलं थकलेली, म्हणून वीजकेंद्रांतले गॅसवरचे संच थंड. बिलं थकतात कारण वसुली नाही. आणि वसुली कुठून होणार, लाखो घरांत मीटरच नाही! माझ्या मते नवीन वीजकेंद्रांच्या घोषणांआधी मीटर लावा.

त्या टपरीलाही मीटर नव्हता. बिल अंदाजानं यायचं, महिनाभर वीज आली काय नि न आली काय.