‘मॉड्युलरला रिव्हर्ब मॉड्यूलच हवं’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात मॉड्युलर सिंथकडे, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलने जोडून आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याकडे, वळलेली मुलं फार नाहीत, पण आहेत. कुणी इंजिनिअरिंगला आहे, कुणी उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला जातो, कुणी भजनी मंडळात पेटी वाजवतो. या मुलांच्या मोबाइलवर रिव्हर्बबद्दल, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टबद्दल, एक सल्ला फिरतो आहे. त्याचा मतलब असा: “मॉड्युलरला रिव्हर्ब घ्यायचा तर युरोरॅक मॉड्यूलच घ्या, कारण सीव्ही. गिटारचं पेडल लावलं की आवाज मरतो. कॉम्प्युटरमधला रिव्हर्ब थंड असतो. स्प्रिंगचे दिवस संपले. टेल जेवढी लांब तेवढा माल चांगला. आणि स्टीरिओ नसेल तर घेऊच नका.” युरोरॅक म्हणजे मॉड्यूलचं प्रचलित माप, स्प्रिंग म्हणजे तारेच्या स्प्रिंगमधून आवाज घुमवणारा जुना रिव्हर्ब, आणि टेल म्हणजे सूर थांबल्यावर मागे विरत जाणारा घुमारा.

हा सल्ला पाळायचा तर दोन-तीन मॉड्यूल जमवलेल्या मुलाने महिनोन्‌महिने पैसे साठवायचे, परदेशातून पार्सल मागवायचं, त्यावर कस्टम ड्युटी भरायची आणि तोवर कोरडा आवाज ऐकत बसायचं. याची काहीच गरज नाही. रिव्हर्ब कुठल्या डब्यात बसलाय हे दुय्यम आहे. पॅचमध्ये, म्हणजे केबलच्या जोडणीत, त्याच्याकडून काय काम करून घ्यायचंय आणि वाजवणार कुठे, यावर निवड ठरते. आता एकेक मुद्दा घेतो.

“पेडल लावलं की आवाज मरतो.” आवाज मरतो हे खरं, पण त्यात पेडलचा दोष नाही. युरोरॅकमधल्या ऑसिलेटरचा (मूळ सूर काढणाऱ्या मॉड्यूलचा) सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, असतो. गिटारमधून पेडलला मिळतो तो काही शे मिलिव्होल्टपासून एखाद्या व्होल्टपर्यंत. पेडल बहुधा ९ व्होल्टवर चालतं, म्हणजे १० व्होल्टचा सिग्नल त्याच्या आतल्या सर्किटमध्ये मावणंच शक्य नाही. तो वरून-खालून कापला जातो, आणि कापलेला सिग्नल रिव्हर्बमध्ये गेला की सगळा चिखल होतो. त्या चिखलालाच लोक “आवाज मेला” म्हणतात.

यावर उपाय स्वस्त आहे. पेडलच्या आधी ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारं साधन) लावा आणि सिग्नल साधारण २० डेसिबल खाली आणा. डोपफर कंपनीचं ए-१८३-१ हे दोन नॉबचं साधं ॲटेन्युएटर यासाठी पुरतं. सोल्डरिंग येत असेल तर एक पोटेन्शिओमीटर आणि दोन जॅक घेऊन घरीच बनवा, त्याला वीजसुद्धा लागत नाही. एका बाजूला ३.५ मिमीची मोनो पिन आणि दुसऱ्या बाजूला गिटारची जाड मोनो पिन असलेली केबल घेतली की जोडणी झाली. पेडलमधून निघालेला सिग्नल पुन्हा मॉड्युलरमध्ये आणायचाच असेल तर तो वाढवावा लागतो, त्यासाठी डोपफरच्या ए-११९ सारखं इनपुट मॉड्यूल असतं. पण रिव्हर्ब शेवटी असेल तर परत आणायचं कशाला? पेडलमधून थेट मिक्सरमध्ये जा. ज्यांच्याकडे भजनी मंडळाचा किंवा ऑर्केस्ट्राचा मिक्सर आहे त्यांनी त्यावरचा इफेक्ट आधी ऐकून बघावा. बऱ्याच मिक्सरवर रिव्हर्ब किंवा इको असतोच. सिग्नल लाइन लेव्हलला (मिक्सरला झेपेल एवढा) उतरवून सेंडवर (इफेक्टकडे जाणाऱ्या वाटेवर) घेतला तर शिकायला तो पुष्कळ आहे.

“मॉड्यूलच हवं, कारण सीव्ही.” सीव्ही म्हणजे कंट्रोल व्होल्टेज, नॉब हाताने फिरवण्याऐवजी गुण बदलणारं व्होल्टेज. सगळ्या दाव्यांत दमदार हाच आहे. मेक नॉइजच्या एर्ब-व्हर्बसारख्या मॉड्यूलमध्ये खोलीचा आकार, डिके (विरण्याचा वेळ), प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) असे कितीतरी गुण व्होल्टेजने हलवता येतात. सूर चालू असताना खोली आकसते, पसरते, आणि टेलचा सूरही त्याबरोबर वाकतो. साध्या पेडलकडून हे होत नाही. ज्याला तो आवाज हवा आहे, त्याने मॉड्यूल घ्यावं. माझं त्याच्याशी भांडण नाही.

पण बहुतेकांना सीव्ही हवा असतो तो एवढ्यासाठीच की रिव्हर्ब कधी जास्त पडावा, कधी कमी. त्याला रिव्हर्बवर सीव्ही लागत नाही, रिव्हर्बच्या आधी व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्यूल) लागतो. ऑसिलेटर आणि फिल्टरमधून आलेला आवाज मल्टिपलने (एका सिग्नलच्या अनेक वाटा करणाऱ्या जोडणीने) दोन वाटांनी न्या. एक वाट कोरडी, सरळ मिक्सरला. दुसरी व्हीसीएमधून रिव्हर्बला. त्या व्हीसीएला सिक्वेन्सरचा (सूर क्रमाने वाजवणाऱ्या मॉड्यूलचा) ॲक्सेंट किंवा वेगळा एनव्हलप (चढून उतरणारं व्होल्टेज) द्या. मग आठ सुरांपैकी तिसरा आणि सहावा एवढेच घुमतात, बाकीचे सुके राहतात, आणि आधीच्या सुराची टेल न तुटता आपापली विरत जाते. यासाठी रिव्हर्बचा मिक्स नॉब पूर्ण वेट (फक्त घुमारा) ठेवायचा, कोरडा आवाज दुसऱ्या वाटेने येतोच आहे. हा पॅच स्वस्तातल्या स्वस्त पेडलवर चालतो, स्प्रिंगवर चालतो, मिक्सरच्या इफेक्टवरही चालतो. उलट महागडं मॉड्यूल घेतलं आणि केसमध्ये (मॉड्यूल बसवायच्या पेटीत) मोकळा व्हीसीएच नाही, असं असेल तर हे करता येत नाही.

इथे एक सावधगिरी पाळा. काही पेडलांना एक्स्प्रेशनचं इनपुट असतं आणि त्यात थेट सीव्ही खुपसायचा मोह होतो. ते इनपुट सहसा पायाच्या पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरसाठी किंवा कमी व्होल्टेजसाठी बनवलेलं असतं. उणे व्होल्ट किंवा १० व्होल्ट दिले तर पेडल जळू शकतं. मॅन्युअलमध्ये मर्यादा बघितल्याशिवाय तिथे केबल लावू नका.

“कॉम्प्युटरमधला रिव्हर्ब थंड असतो.” युरोरॅकमधली बहुतेक रिव्हर्ब मॉड्यूल स्वतःच डिजिटल आहेत. टिपटॉपच्या झेड-डीएसपीमध्ये स्पिन कंपनीची एफव्ही-१ ही चिप आहे आणि तीच चिप कितीतरी गिटार पेडलांतही आहे. ॲल्युमिनिअमच्या पट्टीमागे बसली म्हणून ती गरम होत नाही आणि पेडलच्या डब्यात बसली म्हणून थंड होत नाही. डिजिटल रिव्हर्ब कालपरवाचाही नाही. बेल लॅब्जमधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याचं गणित मांडलं. १९७६ मध्ये ईएमटी २५० आलं, १९७८ मध्ये लेक्सिकन २२४, आणि तेव्हापासून मोठमोठ्या स्टुडिओंनी त्यांवर रेकॉर्ड केल्या. जॉन डॅटोरो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्लेट रिव्हर्बच्या (धातूच्या पत्र्यासारखा घुमणारा रिव्हर्ब) रचनेवर बेतलेलं प्लॅटो हे मॉड्यूल व्हीसीव्ही रॅक या कॉम्प्युटरवरच्या मॉड्युलरमध्ये फुकट मिळतं. वल्हाला कंपनीचं सुपरमॅसिव्हही फुकट आहे.

राहिला लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आक्षेप. ऑडिओ इंटरफेसमधून आवाज आत जाऊन बाहेर यायला समजा १०-१५ मिलीसेकंद लागले. कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवला तर बोटाला तो उशीर जाणवेल. पण कोरडा आवाज सरळ मिक्सरला आणि फक्त वेट आवाज कॉम्प्युटरमधून, अशी मांडणी केली की ते १०-१५ मिलीसेकंद म्हणजे नुसता प्री-डिले होतो. मूळ सूर स्पष्ट राहावा म्हणून लोक एरवी तेवढा प्री-डिले मुद्दाम लावतात.

“हे मॉड्युलर राहिलंच नाही,” असंही त्या सल्ल्यात सुचवलेलं असतं. ईएमटी १४० ही स्टुडिओतली प्रसिद्ध प्लेट १९५७ ची. तिचं वजन पाव टनाच्या वर. ती कुठल्याच सिंथच्या केसमध्ये बसणारी नव्हती. बाहेरचा रिव्हर्ब जोडणं ही या वाद्याची जुनी रीत आहे.

“स्प्रिंगचे दिवस संपले.” मूग कंपनीच्या मॉड्युलरमध्ये ९०५ नावाचं स्प्रिंग रिव्हर्बचं मॉड्यूल होतं. १९६९ च्या ईएमएस व्हीसीएस-३ मध्ये स्प्रिंग आतच बसवलेली होती, १९७१ च्या एआरपी २६०० मध्येही. आजही डोपफर ए-१९९ आणि बेफॅकोचं स्प्रिंग रिव्हर्ब ही मॉड्यूल आहेत. स्प्रिंगमधून सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या वेगाने जात नाहीत, म्हणून टणक ठोका दिला की तिच्यातून ‘टिंव’ असा थेंबासारखा आवाज निघतो. ढोलकीसारख्या पॅचला ते खटकेल. संथ ड्रोनला (सतत चालणाऱ्या सुराला) किंवा फिल्टर हळू उघडणाऱ्या बासला मात्र स्प्रिंग जे खरखरीत अंग देते, ते मला एकाही डिजिटल प्रीसेटमध्ये पूर्ण मिळालेलं नाही.

तिचे खरे तोटे वेगळेच आहेत. ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवली की ती गुणगुण पकडते, म्हणून टँक (स्प्रिंग असलेला डबा) पॉवर सप्लायपासून लांब ठेवावा. आणि ती हादरे पकडते. शहापूर-वडगावात शेजारी यंत्रमाग चालू असतील तर टेबलावर ठेवलेल्या टँकमधून त्यांची धडधड ऐकू येईल. खाली जाड फोम घाला किंवा रेकॉर्डिंग माग बंद झाल्यावर करा.

“टेल जेवढी लांब तेवढा माल चांगला.” या दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून याला वेळ देतो. रिव्हर्बचा काळ मोजतात तो आवाज ६० डेसिबल खाली यायला किती वेळ लागतो यावर. टेल ५ सेकंदांची असेल तर सेकंदाला फक्त १२ डेसिबल उतरतात. दीड सेकंदाची असेल तर ४०. आता हे आपल्या सुरांना लावून बघा. सा २४० हर्ट्झचा धरला तर कोमल रे २५६ चा. सा सोडून सेकंदाने कोमल रे लावला, तर लांब टेलमध्ये तो जुना सा अजून चांगला ऐकू येत असतो, आणि दोघांत सेकंदाला १६ ठोक्यांची खरखर सुरू होते. तंबोऱ्यासारख्या ड्रोनवर लांब टेल शोभते, कारण तिथे सूर बदलतच नाही. जिथे राग चालतो तिथे ती रागाचाच चेहरा पुसते. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. त्यांच्या छोट्या छोट्या फ्रेजांमधली शांतता आठवा. त्या गायकीवर ५ सेकंदांची टेल टाकली तर पहिलं काय जाईल? ती शांतताच. मॉड्युलरवर वाजवणाऱ्यालाही विराम तितकाच लागतो.

दुसरी गोष्ट जागेची. १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन यांनी एका व्याख्यानगृहावर काम करून सूत्र काढलं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. एक मध्यम मंगल कार्यालय धरू, २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच. घनफळ १२०० घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून ८०० चौरस मीटर. टाइल्स आणि प्लॅस्टर आवाज फारसा पीत नाहीत, सरासरी ५ टक्के धरा, म्हणजे शोषण ४० चौरस मीटर. रिकाम्या हॉलचा रिव्हर्ब झाला सुमारे ४.८ सेकंद. आता २०० माणसं बसली. माणशी साधारण ०.४५ चौरस मीटर धरलं तर आणखी ९० वाढले, एकूण १३०, आणि काळ उतरला सुमारे दीड सेकंदावर. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करून ठरवलेला रिव्हर्ब संध्याकाळी लोक आल्यावर वेगळाच लागतो. आणि हॉल स्वतःच दीड सेकंद देत असेल तर तुमच्या १० सेकंदांच्या टेलची तिथे गरज काय? विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून बघितलेल्या कुणालाही हे सांगावं लागू नये. तो आवाज विलक्षण आहे, पण तिथे जलद तान कुणी घेणार नाही.

उघड्यावरच्या मंडपात किंवा घरी हेडफोनवर गोष्ट उलटी होते. तिथे जागा काहीच देत नाही, त्यामुळे रिव्हर्ब आपणच द्यावा लागतो. म्हणून घेताना सगळ्यात लांब टेल किती, हे विचारू नका. सगळ्यात आखूड किती आणि ती कानाला बरी वाटते का, हे विचारा. अर्ध्या-पाऊण सेकंदाला जो रिव्हर्ब पत्र्यासारखा वाजत नाही, तो चांगला बनवलेला आहे. लांब टेल कुणीही गोड करतं.

स्टीरिओबद्दल थोडक्यात. घरी ऐकताना, रेकॉर्डिंगमध्ये त्याची मजा आहेच. पण आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये साउंडवाला दोन्ही बाजू एकत्र करून मोनोच सोडतो, आणि डावी-उजवीकडचा वेगवेगळा रिव्हर्ब एकत्र आला की थोडा पातळ होतो. मोनोत ऐकून मगच पैसे द्या.

एवढं सगळं तपासूनही मॉड्यूलच घ्यायचं ठरलं, तर विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे आधीपासून रिव्हर्ब आहे का? म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या क्लाउड्स मॉड्यूलमध्ये तो आहे, एलिमेंट्समध्येही आहे, आणि त्यांचं डिझाइन खुलं असल्यामुळे इतरांनी बनवलेल्या प्रती बऱ्याच जणांकडे असतात. मग पॉवर. डीएसपीची (डिजिटल) मॉड्यूल +१२ व्होल्टवर सहज १०० मिलीअँपिअरच्या वर ओढतात, छोट्या केसचा सप्लाय त्याने कोलमडू शकतो. आहेत त्या मॉड्यूलांची बेरीज कागदावर मांडा. जागा उरत असेल आणि केसमध्ये व्हीसीए एकच असेल, तर ती जागा आधी दुसऱ्या व्हीसीएला द्या.