थोरल्या बुशने कॉलेज सोडलं नव्हतं

रविवारी सकाळी ताईचा रडवेला फोन. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आता म्हणतो, शिक्षण पुरे, धंदा करतो. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेली पोस्ट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश म्हणे गरीब घरातले. कॉलेज अर्धवट सोडलं, खिशात दमडी नसताना टेक्सासला जाऊन कष्टाने तेलसम्राट झाले, एकही निवडणूक हरले नाहीत आणि शेवटी स्वतःच्या तेलविहिरी वाचवायला इराकशी लढले. एवढ्या ओळींत इतक्या थापा!

कॉलेजचं आधी, कारण आग तिथे लागलीय. १२ जून १९४२, अठराव्या वाढदिवशी हा मुलगा नौदलात भरती झाला. शिक्षण लांबलं, सुटलं नाही. युद्धावरून परतल्यावर येल विद्यापीठात अडीच वर्षांत अर्थशास्त्राची पदवी घेतली, १९४८ साली. टेक्सासची वाट धरली ती त्यानंतर. हे गाळून पोरांना असलं काही पाठवणाऱ्याला काय म्हणावं?

गरिबी? वडील प्रेस्कॉट बुश वॉल स्ट्रीटवरचे बँकर, पुढे सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य. टेक्सासमधल्या ओडेसातली पहिली नोकरी तेलधंद्याची यंत्रं बनवणाऱ्या ड्रेसर इंडस्ट्रीजच्या उपकंपनीत. ड्रेसरचे प्रमुख नील मॅलन घरोब्यातले आणि वडील ड्रेसरच्या संचालक मंडळावर. मॅलननी नोकरी दिली हे बुशनी १९८७च्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय, तेव्हा माझ्याशी हुज्जत नको. पुढे धंदा काढला तेव्हा मामा हर्बर्ट वॉकरने भांडवल उभं करून दिलं. (भाच्याने माझ्याकडून, म्हणजे त्याच्या मामाकडून, तशी अपेक्षा ठेवू नये.)

कष्टाचं मात्र खरं आहे, मान्य करतो. गोदाम झाडलं, पंपांना रंग दिला, बायको-पोराला घेऊन शेजाऱ्यांशी सामाईक न्हाणीघर असलेल्या घरात राहिले.

निवडणुका? सिनेटची १९६४ला हरले, १९७०ला पुन्हा हरले, १९९२ला क्लिंटनकडून राष्ट्राध्यक्षपदच गेलं.

आणि तेलविहिरी. त्यांच्या झापाटा ऑफशोअर कंपनीचा धंदा समुद्रात दुसऱ्यांसाठी विहिरी खोदून देण्याचा. त्यातला हिस्सा १९६६ सालीच विकला, त्याच वर्षी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, निवडून आले. युद्ध १९९१चं. त्या युद्धाचा तेलाशी संबंध होता, नाही कोण म्हणतंय? पण पंचवीस वर्षांपूर्वी विकलेल्या कंपनीसाठी कोणी रणगाडे धाडतं का?

ताई म्हणाली, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे.